सीट बेल्टच्या टिंग टिंगसोबत नऊ महिने

मायलेज, पिकअप, डिकी यांवर सगळ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी त्यात पडत नाही. गाडी चांगली आहे. एसी गार करतो. मला लिहायचंय ते सीट बेल्टच्या टिंग टिंगबद्दल. नऊ महिन्यांत या गाडीत गाण्यांपेक्षा मी तेच जास्त ऐकलंय, आणि गेल्या आठवड्यात त्याच्यापायी सर्व्हिस सेंटरमध्ये माझा आवाज इतका चढला की शेजारच्या काउंटरवरचा माणूस स्वतःचं बिल बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसला.

पहिला महिना बॅगेचा. ऑफिसची बॅग शेजारच्या सीटवर टाकायची माझी जुनी सवय. गाडी हळू असेपर्यंत नुसता लाल दिवा लागतो. वेग वाढला की सुरू. आधी सावकाश, मग घाईघाईने, आणि शेवटी वसुलीवाला दार ठोकतोय अशा थाटात. दीडेक मिनिटाने दमून गप्प होतं, पण तोवर आपलं डोकं उठलेलं असतं. सीटच्या गादीखाली दाब ओळखणारी एक पातळ पट्टी असते, तिला माणूस आणि लॅपटॉप यांतला फरक कळत नाही. मी प्रयोग करून पाहिले. बॅग पुढच्या काठाकडे आडवी ठेवली तर गप्प, पाठीला टेकवून उभी केली की बोंब. पाण्याची बाटली एकटी चालते, बॅगेसोबत चालत नाही.

मग मी ती क्लिप आणली. हो, तीच, बकलमध्ये नुसती खोचून ठेवायची पत्र्याची जीभ. चार पैशांची वस्तू आणि केवढी शांतता! जोशात एकाच्या जागी दोन घेतल्या, एक माझ्या बाजूलाही लावली. मी बेल्ट लावतेच, मला कशाला आठवण हवी, असा माझा युक्तिवाद होता. हा रिव्ह्यू तेव्हा लिहिला असता तर क्लिपला पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

आता तिला शून्य. झालं असं की एका पहाटे घाईत निघाले, हायवेला लागले, आणि तासाभराने टोलसाठी काच खाली करताना खांद्याकडे लक्ष गेलं. बेल्ट नाही. बकलमध्ये क्लिप असल्याने खरा बेल्ट लावायचा तर आधी ती उपसावी लागते, आणि तेवढ्याशा कंटाळ्यापायी मी तो तसाच लटकत ठेवला होता. एरवी टिंग टिंग वाजलं असतं, मी चार शिव्या घालून लावला असता. त्या दिवशी गाडीत कुणीच काही बोललं नाही.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा आणखी एक कळलं. बकलमधला खटका फक्त आवाजासाठी नसतो. अनेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिटही तोच वाचतं. बेल्ट नसेल तर एअरबॅग जरा हलक्या धडकेतही उघडायची आणि असेल तर थोड्या मोठ्या धडकेपर्यंत थांबायचं, अशी आखणी असते. म्हणजे क्लिप लावून मी गाडीशी खोटं बोलत होते आणि गाडी ते खरं धरून चालली होती. दोन्ही क्लिपा कचऱ्यात गेल्या. जास्तीच्या क्लिपेचे पैसे अजून मनाला लागतात ते वेगळं.

त्याच वाचनात अमेरिकेचा किस्सा सापडला आणि बॅगेच्या दुःखात आपण एकट्या नाही याचं बरं वाटलं. तिथे १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या पुढच्या माणसांनी बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नसत. शेजारच्या सीटवर सामानाची पिशवी असली तरी इंजिन अडून बसायचं. लोक इतके पिसाळले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून अशी सक्ती करायला बंदी घातली, आणि वर बझरची सक्ती ८ सेकंदांपुरतीच ठेवली. ती ८ सेकंदांची अट निघायला २०१२ साल उजाडलं. आता संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमात आवाज निदान ३० सेकंद हवा, आणि ताशी २५ किमी, ५०० मीटर किंवा ६० सेकंद यांतली कंपनीने धरलेली मर्यादा गाठेपर्यंत तो सुरू व्हायलाच हवा. माझी गाडी ३० वर समाधान मानणाऱ्यांतली नाही.

तर बॅग आता पायाशी. ठरलं, संपलं, असं वाटत असतानाच बाबांचं प्रकरण सुरू झालं.

बाबांना बेल्ट म्हणजे अपमान वाटतो. "मी चाळीस वर्षं गाडीत बसतोय" हे त्यांचं वाक्य. आधी ते बेल्ट पाठीमागून घेऊन लावायचे. आवाज बंद, बाबा मोकळे. मी दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबवली, आईने मागून "अहो, लावा ना एकदाचा" म्हणून पाहिलं. शेवटी सहाव्या महिन्यात कसेबसे नीट लावायला लागले. आणि नेमकं तेव्हाच, बेल्ट लावलेला असताना टिंग टिंग सुरू झालं!

"बघ," बाबा म्हणाले, "लावला तरी बोंबलतंय. मग लावायचा कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी दाखवायला नेली. सर्व्हिस ॲडव्हायझरने स्कॅनर लावला, मान हलवली आणि अख्खं बकल बदलायला सांगितलं. अंदाजपत्रक वाचून मी कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला आणखी काही सामान मिळतंय का म्हणून. वॉरंटीत? "बाहेरून ओढाताण झालेली दिसते, बसणार नाही." कुणी ओढलं? उत्तर नाही. मी गाडी तशीच परत आणली.

मग आठवडाभर नुसतं लक्ष ठेवलं. आई शेजारी बसली की गप्प. बाबा बसले की टिंग टिंग. आधी वाटलं वजनाचा प्रश्न. पण बेल्ट लावलाय की नाही हे बकल सांगतं, वजनाची पट्टी नाही. मग ट्यूब पेटली. बाबा उंच, ते बसताना सीट पार मागे सारतात. आई ती पुढे घेते. रिकाम्या गाडीत मी बाबांच्या जागी बसले, बेल्ट लावला आणि सीट पुढेमागे केली. मागून चौथ्या खाचेपर्यंत दिवा विझलेला, तिसऱ्या खाचेवर लागला. पुन्हा चौथ्यावर, विझला.

मोबाइलचा टॉर्च लावून सीटखाली पाहिलं तर माझी फोल्डिंग छत्री. पावसाळ्यापासून हरवलेली. तिची कडी वायरिंगमध्ये अडकलेली, आणि सीट मागे गेली की छत्री वायर ताणणार, कनेक्टर अर्धा बाहेर येणार. छत्री अलगद सोडवली, पण कनेक्टरला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. सीटखाली एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या) पिवळ्या वायरी असतात, बॅटरी न काढता तिथे खुडबुड केली तर एअरबॅगचा दिवा लागून नवीन खर्च मागे लागतो, आणि तोही नशीब बरं असेल तर.

गेल्या आठवड्यात परत गेले आणि आवाज चढला तो इथे. छत्री टेबलावर ठेवली. ॲडव्हायझर छत्रीकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी एका तरुण मेकॅनिकने बॅटरी काढून कनेक्टर नीट बसवला आणि वायर एका केबल टायने सीटच्या फ्रेमला बांधली. दहा मिनिटं. बकल तेच आहे, उत्तम चालतंय. बिलात "तपासणी शुल्क" लावलं होतं, ते मी खोडायला लावलं. केबल टायचे मात्र त्यांनी घेतलेच.

गाडीला पाचपैकी चार. एक कापला तो यासाठी की बेल्ट, उघडं दार आणि संपत आलेलं पेट्रोल या तिघांना एकच टिंग टिंग दिलंय, दर वेळी डॅशबोर्ड वाचावा लागतो. बाबा आता बेल्ट लावतात, पण लावल्यावर पाच सेकंद कान देऊन बसतात, पुन्हा वाजेल या आशेने.