अँगलच्या आडव्या पट्ट्यांचे गुहाद्वार: भक्कम, पण प्रत्येक गुहेसाठी नव्हे

वटवाघळांच्या गुहेला दार करायचे म्हटले की बहुतेक फॅब्रिकेटर उभ्या गजांचे, कुंपणाला शोभेल असे फाटक सुचवतात, आणि वटवाघळांसाठी नेमके तेच सर्वांत गैरसोयीचे असते, कारण पंख पसरून उडणाऱ्या प्राण्याला आडवी फट लागते. अमेरिकेत रूढ झालेली अँगलच्या, म्हणजे L आकाराच्या लोखंडाच्या, आडव्या पट्ट्यांची रचना ही गरज ओळखून केलेली आहे. त्यात साधारण चार इंची अँगल कोनाचे टोक वर ठेवून एकावर एक बसवतात, दोन पट्ट्यांमध्ये पावणेसहा इंच म्हणजे सुमारे 146 मिलिमीटर जागा मोकळी सोडतात आणि उभे खांब शक्य तितके दूर, निदान चार फुटांवर घेतात. एवढ्या फटीतून वटवाघूळ जाऊ शकते, माणूस शिरू शकत नाही.

आमच्या देखरेखीखालील गुहेत वटवाघळे शीतनिद्रा घेतात. तेथे बसवलेल्या या दारावर मी एकंदरीत समाधानी आहे. शीतनिद्रेत एकदा जरी जाग आली तरी कित्येक दिवस पुरणारी चरबी खर्ची पडते, त्यामुळे हौशी मंडळींची ये-जा थांबणे हाच दाराचा खरा लाभ आहे. पट्ट्यांची टोके खडकात छिद्रे पाडून बसवलेल्या सळ्यांना वेल्डिंगने जोडलेली आहेत आणि तळाशी माती उकरून कोणी खालून शिरू नये म्हणून पाया थेट खडकापर्यंत नेला आहे. आत जाण्यासाठी एक पट्टी सरकवून काढता येते. तिचे कुलूप पोलादी पेटीत असे लपवले आहे की किल्ली धरलेला हात आत जातो, कटर मात्र जात नाही.

ठेकेदाराने आधी जस्ताचा मुलामा दिलेले अँगल आणले होते, ते आम्ही परत पाठवले. अशा लोखंडाच्या वेल्डिंगचा धूर बंदिस्त जागेत घातक असतो. साध्या लोखंडाच्या वेल्डिंगचा धूरही पंख्याने बाहेर काढावा लागतोच, आणि वटवाघळे गुहेत नसतील त्याच हंगामात काम उरकावे लागते. कारागिरांना हे वेळापत्रक पटवणे प्रत्यक्ष बांधकामापेक्षा अवघड गेले.

मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जागेचा आहे. दार अगदी अरुंद तोंडाशी बसवले तर हवेचा प्रवाह अडतो, आणि वटवाघळांचा वेग तेथेच मंदावल्यामुळे साप, मांजर किंवा घुबडाला आयती शिकार मिळते. हवा अडल्याने काय होते याचे उदाहरण इंडियाना राज्यातील वायंडॉट गुहेत आहे. तेथे पूर्वी बांधलेल्या दगडी भिंतीमुळे थंड हवेला वाट राहिली नाही, आतील तापमान वाढले आणि इंडियाना वटवाघळांची संख्या घटली. भिंत काढून मोकळे दार बसवल्यावर ती पुन्हा वाढली. म्हणून जो ठेकेदार गुहेतील हवेची दिशा आणि तापमान न मोजताच नुसते चौरस फुटाचे दर सांगतो, त्याला काम देऊ नये.

पिल्लांची मोठी वसाहत असलेल्या गुहेसाठी मी या रचनेची शिफारस करणार नाही. अमेरिकेतील करडी वटवाघळे उन्हाळी वसाहतीत पूर्ण दार सहन करत नाहीत आणि युरोपातील श्रायबर्सचे लांबपंखी वटवाघूळ जाळी दिसली की गुहाच सोडून जाऊ शकते. अशा ठिकाणी वरचा भाग मोकळा ठेवलेले अर्धे दार किंवा तोंडापासून दूर घातलेले उंच कुंपण बरे, मग माणसांना अडवण्यात थोडी कसर राहिली तरी चालेल.

किंमत कमी नाही. लोखंडापेक्षा ते दुर्गम गुहेपर्यंत वाहून नेण्याचाच खर्च अंगावर येतो. कुलूप अधूनमधून तुटते, पण ते बदलणे पट्टी कापली जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून मी त्याला दोष मानत नाही. खरी उणीव कामानंतरच्या सेवेत आहे. दार बसल्यावर पहिल्या काही संध्याकाळी वटवाघळे फटीतून सरळ बाहेर पडतात की दारापाशी घिरट्या घालत राहतात, हे कोणीतरी बसून पाहायला हवे आणि गरज पडल्यास पट्ट्या काढायला हव्यात, पण आमच्या ठेकेदाराच्या करारात याचा उल्लेखही नव्हता. पाच पैकी चार गुण, आणि तेही केवळ शीतनिद्रेच्या गुहेपुरते.