हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये अल्कलाइन की रिचार्जेबल सेल?
दोन एएए सेलचा हिरवा पॉइंटर साधारण 300 मिलिअँपिअर खेचतो. आतला 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर डायोड स्फटिकांना चेतवतो, तेव्हा 532 नॅनोमीटरचा हिरवा किरण निघतो. एवढ्या भाराखाली अल्कलाइन जोडीचे 3 व्होल्ट भराभर उतरतात आणि किरण मंदावतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड जोडी 2.4 व्होल्टच देते, पण अंतर्गत रोध कमी असल्याने बराच वेळ तिथेच टिकते. आकाशदर्शनासाठी नेहमी वापरत असाल तर हीच घ्या. काही स्वस्त सर्किटांना मात्र 2.4 व्होल्ट पुरत नाहीत; तिथे अल्कलाइनच बरे.

त्याच मापाचे 3.7 व्होल्टचे लिथियम-आयन सेल चुकूनही घालू नका. पूर्ण चार्ज झालेली जोडी 8.4 व्होल्टपर्यंत जाते, डायोड जळतो.