जठराच्या कर्करोगाची ‘जनुकीय जोखीम’ : डीएनएच्या आधी श्वास तपासा

नागपुरात घरपोच येणाऱ्या जनुकीय चाचण्यांच्या पॅकेजात आता ‘जठराच्या कर्करोगाची जोखीम’ असंही एक पान मिळतं. हे परीक्षण त्या पानाचं, कुठल्या एका कंपनीचं नव्हे. पाचापैकी दोन तारे, आणि त्यातला एक नमुना देण्याच्या सोयीला.

लाळेचं किट खरंच सोपं आहे. नळीवरच्या खुणेपर्यंत, साधारण २ मिली लाळ भरायची. फेस धरायचा नाही; खुणेपर्यंत फेस चढला की नळी भरल्यासारखी वाटते आणि नमुना कमी पडतो. आधी अर्धा तास खाणं, पिणं, सिगारेट बंद. आपल्याकडे या यादीत सुपारी-तंबाखूचा खर्राही हवा. सुपारीचा चुरा लाळेत उतरायला नको, म्हणून खळखळून चूळ भरा आणि मग अर्धा तास थांबा.

खरी गोची अहवालात आहे. आयएल-१बी (इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचं रसायन बनवणारं जनुक) यातले −५११ आणि −३१ या जागांवरचे फरक, आयएल-१आरएन, टीएनएफ-अल्फाचा −३०८, टीएलआर-४ अशी प्रतिकारशक्तीच्या जनुकांची नावं ओळीनं येतात. मूळ कल्पना भक्कम आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात मुक्कामाला आला की शरीर दाह निर्माण करून लढतं. त्या लढाईतलं इंटरल्युकिन-१ बीटा जठरातलं ॲसिडही जोरात दाबतं. ज्यांच्यात ते वारशानंच जास्त तयार होतं, त्यांच्यात ॲसिड घटतं, जठराच्या खालच्या टोकाशी असलेला जंतू वर पसरतो, ॲसिडच्या ग्रंथी झिजतात आणि पुढच्या काही दशकांत तिथे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांच्या अभ्यासातून २००० साली हा दुवा मांडला गेला. सावजी रस्सा चापल्यावर जळजळलं की अनेकांना कॅन्सरची धास्ती वाटते. या वाटेवर मात्र धोका ॲसिड आटण्याचा आहे.

मग तारे का कापले? −५११ आणि −३१ हे फरक बहुतेक वेळा जोडीनंच वारशात येतात. त्यांचे वेगवेगळे मार्क धरले की एकच जोखीम दोनदा मोजली जाते. आयएल-१आरएनमधला अभ्यासलेला फरक म्हणजे ८६ अक्षरांच्या तुकड्याची पुनरावृत्ती. डीएनएचं एकेक अक्षर वाचणाऱ्या, अशा चाचण्यांतल्या चिपला ती थेट मोजता येत नाही. युरोपातले निष्कर्ष आशियातल्या अनेक अभ्यासांत जुळलेले नाहीत. भारतात तर जंतूची लागण सर्रास असूनही हा कर्करोग एकंदरीत कमी, आणि मिझोरममध्ये मात्र भरपूर. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तुमचा डीएनए वाचून पोटात जंतू आहे की नाही, हे कळत नाही. जंतूच नसेल तर त्या लालभडक ‘हाय रिस्क’ पट्टीला फारसा अर्थ उरत नाही.

संसर्गाचं वजन किती, हे २०२३च्या जपानी अभ्यासात दिसतं. तिथली जनुकं प्रतिकारशक्तीची नव्हेत, बीआरसीए-१, बीआरसीए-२, एटीएम आणि पीएएलबी-२ अशी डीएनए-दुरुस्तीची. सदोष जनुक आणि जंतू दोन्ही असतील तर वयाच्या ८५पर्यंतची जोखीम सुमारे ४५ टक्के; नुसता जंतू असेल तर सुमारे १४; जंतू नसेल तर ५ टक्क्यांच्या आत.

तेव्हा पैसे आधी जंतू शोधणाऱ्या युरिया श्वासचाचणीवर किंवा शौचातल्या अँटिजेनच्या (जंतूच्या अंशांच्या) चाचणीवर खर्च करा. दोन्हींच्या आधी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या २ आठवडे, अँटिबायोटिक आणि बिस्मथ ४ आठवडे बंद हवं, अर्थात डॉक्टरांना विचारून. नाहीतर जंतू दबलेला असतो आणि अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. श्वासचाचणीला उपाशीपोटी जा. रक्तातल्या आयजीजी (जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या) चाचणीवर विसंबू नका. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. उपचार साधारण १४ दिवसांचा. बरं वाटलं म्हणून सहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि तीच बहुतेकांकडून राहून जाते.

दुसरा तारा सीवायपी-२सी१९ या जनुकाच्या ओळीला, ती पॅकेजात असली तर. ॲसिड दाबणारी गोळी तुमच्या यकृतात किती लवकर निकामी होते, याचा अंदाज त्यातून येतो आणि उपचार फसल्यावर डॉक्टरांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

घरात दोघा-तिघांना, त्यातही पन्नाशीच्या आत, हा कर्करोग झाला असेल तर हे किट मागवूच नका. तिथे हा कर्करोग वारशानं आणू शकणाऱ्या सीडीएच-१ जनुकाचं पूर्ण वाचन लागतं, तेही समुपदेशनासह. सुरुवात नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयातल्या पोटविकार विभागात करता येईल. जाताना नातेवाइकांचे जुने बायॉप्सी अहवाल सोबत न्या.