जुना आयकॉम आयसी-2एटी: पॅक भरायचा की पेन्सिल सेलचा डबा?

काकांच्या माळ्यावर सापडलेला हा हँडी, म्हणजे हातात धरून बोलायचा हौशी रेडिओ संच, 1980च्या दशकातला. वारंवारता बोटाने फिरवायच्या चाकांवर लावायची, पडदा-बिडदा काही नाही. बॅटरी मात्र गेलेली. पॅक उघडला तर सेलच्या टोकांवर पांढरट-हिरवट पापुद्रा. व्हिनेगरचा बोळा आणि जुना टूथब्रश एवढ्यावर तो निघाला.

मूळ बीपी-3 पॅकमध्ये 1.2 व्होल्टचे सात निकेल-कॅडमियम सेल, म्हणजे 8.4 व्होल्ट. तेवढेच निकेल-मेटल हायड्राइड सेल बसवले की सेट पुन्हा हातात मावतो. पण सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेने आतलं सील जातं. पट्ट्या लावलेले सेल घ्या किंवा स्पॉट वेल्डिंग करून घ्या. साताऱ्यात मी पोवई नाक्यापासून राजपथापर्यंत दुकानं पालथी घातली. शेवटी सेल कुरिअरनेच आले. क्षमता जास्त असेल तर जुन्या चार्जरला वेळही जास्त लागतो.

बीपी-4 हा सहा पेन्सिल सेलचा रिकामा डबा. सेल टाका, झालं. अल्कलाइनवर 9 व्होल्ट मिळतात, पण बोलताना अर्धा अँपिअर खेचला की सेल लवकर दमतात. अजिंक्यताऱ्यावर अर्धा तास गप्पा मारून सेल बदलणं खिशाला परवडत नाही. नुसतं ऐकायला मात्र उत्तम.

माझं म्हणाल तर आधी डबा: सेट जिवंत आहे का ते तरी कळतं. माझा बोलला, मग पॅक भरला. अर्थात प्रेषणाचं बटण परवाना आल्यावरच दाबलं.