कोपर्निकसचा ३० मीटर डीईएम: रोज वापरून काय वाटलं

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटात सगळ्यात चांगला कुठला असं कोणी विचारलं तर मी कोपर्निकसचा (युरोपचा पृथ्वी-निरीक्षणाचा कार्यक्रम) जीएलओ-३० सांगतो, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची देणारा डिजिटल नकाशा, डीईएम, पण लगेच हेही सांगतो की बाबा, हा जमिनीची उंची देत नाही, जमिनीवर जे काही उभं आहे त्याच्या वरच्या बाजूची देतो. झाड असेल तर झाडाची, इमारत असेल तर गच्चीची. एवढं डोक्यात पक्कं बसलं की मग हा डेटा सोन्यासारखा आहे, नाहीतर फसगत ठरलेली.

आधी बरीच वर्षं मी एसआरटीएमच (नासाच्या शटलवरच्या रडारने मोजलेला उंचीचा डेटा) वापरायचो आणि त्याच्याबद्दल मनात आदर आहे तो आहेच. फेब्रुवारी २००० मधे एन्डेव्हर शटलमधून ६० मीटर लांब दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावला आणि ११ दिवसांच्या एका मोहिमेत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढी जमीन मोजून काढली, असं काम पुन्हा झालेलं नाही. पण वापरताना दोन गोष्टी कायम खटकायच्या. एक म्हणजे उंच डोंगरात रडारची सावली पडते तिथे डेटाच नाही, भोकं, आणि दुसरं म्हणजे सगळे आकडे पूर्ण मीटरमधे. सपाट भागात याचा फार त्रास होतो कारण जमीन हळूहळू उतरत असते आणि डेटात ती पायऱ्या पायऱ्यांनी उतरताना दिसते, मग कॉन्टूर (समान उंचीच्या रेघा) काढले की वेड्यावाकड्या रेघा.

कोपर्निकसचा मूळ डेटा टॅनडेम-एक्स मोहिमेचा आहे, दोन रडार उपग्रह अगदी जवळजवळ उडवून डिसेंबर २०१० ते जानेवारी २०१५ मधे गोळा केलेला. आकडे दशांशात येतात. पहिल्यांदा एकाच भागाचे दोन्ही हिलशेड (उंचीवरून काढलेले उजेड-सावलीचे नकाशे) शेजारी शेजारी लावून बघितले तेव्हा खरंच किती वेळ बघत बसलो, एसआरटीएममधे जिथे नुसती खरखर होती तिथे नदीची जुनी सोडलेली वळणं दिसत होती, बांध दिसत होते, रस्त्याचा भराव दिसत होता. तळी आणि मोठ्या नद्यांचं पाणीही सपाट करून दिलंय त्यामुळे पाण्यावर डोंगर उगवत नाहीत. उंचीतली चूक ९० टक्के ठिकाणी ४ मीटरच्या आत असं त्यांचं म्हणणं आहे, एसआरटीएमचं तेच उद्दिष्ट १६ मीटरचं होतं (प्रत्यक्षात ते बऱ्याच ठिकाणी त्याहून चांगलं निघालं हा भाग वेगळा).

आता झाडांचं. एका छोट्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र काढत होतो आणि प्रवाहाची रेघ मधेच काटकोनात वळून एका टेकाडाला वळसा घालून जायला लागली. टेकाड कसलं तर चौकोनी, कडा सरळ, माथा सपाट. टेकडी अशी नसते ना. उपग्रहाचा फोटो खाली लावून बघितला तर तिथे लावलेली झाडं, दाट, एका उंचीची, आणि ओढा सरळ त्यांच्या मधून जातोय. साधारण १५ मीटरची झाडं, आणि उतार काढायची नेहमीची पद्धत शेजारच्या दोन्ही बाजूंचे चौकोन धरते म्हणजे ६० मीटरवर १५ मीटर चढ, झाला १४ अंशांचा उतार, जिथे प्रत्यक्षात जमीन टेबलासारखी सपाट आहे. हा एक्स बँडचा रडार आहे, लहरीची लांबी ३ सेंटिमीटरच्या आसपास, ती दाट पानांत वरच अडकते, खाली जमिनीपर्यंत फारशी जात नाही. त्यात डेटाचा दोष नाही, त्याने जे बघितलं ते सांगितलं.

पाण्याच्या कामासाठी म्हणून मी आता फॅबडेम घेतो, ब्रिस्टल विद्यापीठातल्या लोकांनी याच कोपर्निकसमधून मशीन लर्निंगने झाडं आणि इमारती काढून टाकून बनवलेला. बराच फरक पडतो. पण जंगलाच्या कडेला कधीकधी पुसट वण राहतात आणि त्याचं लायसन्स व्यावसायिक कामाला मोकळं नाही, ते आधी वाचून घ्या.

कडे आणि सुळके यांच्या बाबतीत मात्र कुठल्याच ३० मीटरच्या डेटावर विश्वास ठेवू नका, हे कळकळीने सांगतोय. वरचाच हिशोब परत लावा. ६० मीटरचा उभा, ताशीव कडा उताराच्या नकाशात ४५ अंशांचा दिसणार. ३० मीटरचा कडा २७ अंशांचा. असा नकाशा बघून कोणी इथून उतरता येईल म्हणून वाट आखली तर जिवाशी खेळ आहे.

बाकी नव्या लोकांचे ज्याच्यात तास जातात ते सांगून टाकतो. टाइल (डेटाचा एक तुकडा) अक्षांश-रेखांशाच्या अंशांमधे येते, ती तशीच ठेवून उतार काढला की सगळं जग ८९ अंशांचं दिसतं कारण आडवं माप अंशात आणि उभं मीटरमधे, म्हणून आधी मीटरच्या प्रोजेक्शनमधे (सपाट नकाशाच्या मापात) न्या, आणि नेताना चौकोनांचे नवे आकडे काढायची पद्धत विचारतात तिथे नीअरेस्ट नेबर निवडू नका, बायलिनिअर किंवा क्युबिक घ्या, नाहीतर हिलशेडवर बारीक जाळी उमटते आणि माणूस डेटाला शिव्या घालतो. उंची ईजीएम २००८ जिओइडवर (सरासरी समुद्रसपाटीच्या मॉडेलवर) आहे, ड्रोनची किंवा जीपीएसची उंची बऱ्याचदा एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावर) असते, म्हणून तुलना करताना सगळीकडे एकसारखा कित्येक मीटरचा फरक दिसला तर घाबरू नका, दोघंही बरोबर असतात. आणि टाइलसोबत जे मास्क (कुठल्या चौकोनाचं काय केलंय ते दाखवणारे थर) येतात ते लोक बघतच नाहीत! त्यातला फिलिंग मास्क उघडा, कुठली जागा दुसऱ्या डेटाने भरून काढलीय ते त्यात कळतं. मला एका दरीत काही केल्या जुळेना, दोन दिवस प्रोजेक्शन तपासलं, शेवटी मास्क उघडला तर नेमका तेवढा तुकडा बाहेरून आणून बसवलेला.

कॉन्टूर १० मीटरच्या खाली मी काढत नाही. ५ मीटरच्या रेघा दिसायला सुंदर येतात पण चूकच ४ मीटरपर्यंत असेल तर त्या रेघेला अर्थ काय.

एसआरटीएमचं फोल्डर मी अजून पुसलेलं नाही. कोपर्निकसमधून ते वजा केलं (आधी दोन्ही एका जिओइडवर आणून, कारण ते ईजीएम ९६ वर आहे) की २००० नंतर जमिनीचं काय झालं ते दिसतं. मागच्या आठवड्यात असंच केलं तर एका डोंगराच्या कुशीत ४० मीटर खोल निळा डाग, खाण, आणि बाजूला तेवढाच लाल ढीग, त्यातूनच काढून टाकलेली माती.