राऊटरची ट्रान्समिट पॉवर आणि घरभरची रेंज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या राऊटरची रेंज मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी चार अँटेनांचा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालणारा नवा राऊटर घेतला. ‘जास्त ट्रान्समिट पॉवर’ (म्हणजे राऊटरची सिग्नल पाठवण्याची शक्ती जास्त) हे शब्द त्याच्या खोक्यावर ठळक छापलेले होते आणि खरे सांगायचे तर ते वाचूनच मी तो निवडला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे या वर्गातल्या कुठल्याही राऊटरला लागू पडेल.

पहिल्या दिवशी समाधान वाटले. मागच्या खोलीत पूर्वी फोनवर जेमतेम एक रेघ दिसायची, तिथे आता सगळ्या रेघा भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत पलंगावर बसून भावाला वाय-फायवरून कॉल केला. त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता आणि तो मात्र पुन्हापुन्हा म्हणत होता, “तुझा आवाज तुटतोय, बाहेर येऊन बोल.” पॅसेजमध्ये चार पावले टाकली की बोलणे सुरळीत व्हायचे. सगळ्या रेघा भरलेल्या असताना असे का व्हावे, हे उमगायला मला पुढचे दोन महिने लागले.

फोनवरच्या रेघा सांगतात ते इतकेच, की राऊटरचा सिग्नल फोनला किती जोरात मिळतो. फोनचा सिग्नल राऊटरपर्यंत कसा पोहोचतो, हे त्या रेघांवरून कळत नाही. फोनची बॅटरी लहान, अँटेना आतल्या आत दडवलेली आणि वाय-फायची शक्ती राऊटरच्या कमाल शक्तीपेक्षा सहसा कमी असते. नुसते डाउनलोड चालू असले, तरी मिळालेल्या डेटाची पोच फोनला सतत परत पाठवावी लागते आणि ती पोच वाटेत हरवली, की राऊटर तोच डेटा पुन्हा पाठवतो. म्हणजे एका बाजूचा आवाज कितीही चढवला, तरी दुसऱ्या बाजूचे उत्तर पूर्वीइतकेच क्षीण राहते.

हे पडताळून पाहण्यासाठी मी सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर १०० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली आणि त्याच पलंगावर, फोन त्याच उशीवर ठेवून मोजमाप घेतले. शक्ती चौथ्या हिश्श्यावर आली की सिग्नल ६ डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलच्या जोरातला फरक मोजण्याचे एकक) उतरायला हवा. फोनवरचा सिग्नलचा आकडा उणे ७० डीबीएमवरून उणे ७६ वर गेला (हा उणे आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण), म्हणजे हिशेब बरोबर जुळला. डाउनलोडचा वेग ५२ मेगाबिटवरून ३८ वर आला, पण अपलोड दोन्ही वेळा ४ मेगाबिटच्या आसपासच घुटमळत राहिला. खोक्यावरच्या त्या मोठ्या अक्षरांचा माझ्या घरातला खरा उपयोग एवढाच होता. मोकळ्या जागेत ६ डेसिबलमुळे अंतर दुप्पट होते हे खरे, पण घरात एखादी सिमेंटची जाड भिंत किंवा लोखंडी कपाट तेवढे सहज गिळून टाकते.

खरा फरक पडला तो जागा बदलल्यावर. राऊटर टीव्हीच्या मागे, खालच्या कप्प्यात, लोखंडी कपाटाला खेटून ठेवलेला होता. तो तिथून काढून पॅसेजमध्ये डोक्याच्या वर फळीवर ठेवला, तेव्हा पूर्ण शक्तीवर असताना मागच्या खोलीतला आकडा उणे ७० वरून उणे ६१ वर आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अपलोड ४ वरून १९ मेगाबिटवर गेले. वाटेतला अडथळा दूर झाला की त्याचा फायदा जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही सिग्नलना सारखाच मिळतो. अँटेनांचेही तसेच आहे. चांगली अँटेना पाठवण्याच्या कामी येते तशीच ऐकण्याच्याही कामी येते, म्हणून या राऊटरच्या चार अँटेनांना मी त्याच्या शक्तीपेक्षा जास्त मोल देतो. मात्र मी सुरुवातीला त्यांची टोके मागच्या खोलीकडे वळवून ठेवली होती आणि ती चूक होती. अशा दांडीसारख्या अँटेनेचा सिग्नल तिच्या भोवताली पसरतो, टोकाच्या दिशेने सर्वात कमी जातो. एकाच मजल्यावर वापर असेल, तर त्या सरळ उभ्या ठेवाव्यात.

ट्रान्समिट पॉवरचा आकडा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वात वेगवान पद्धतीने डेटा पाठवायचा, तर सिग्नल अतिशय नेमका असावा लागतो आणि सिग्नलचा जोर वाढवणारा ॲम्प्लिफायर पूर्ण ताणला की तो नेमकेपणा बिघडतो. म्हणून त्या वेळी राऊटर स्वतःच शक्ती कमी करतो. कमाल आकडा सहसा कमी वेगालाच लागू असतो. सेटिंगमध्ये देश बदलून जास्त शक्ती मिळवण्याचा सल्ला मला एकाने दिला होता, तो मी मानला नाही आणि कुणीही मानू नये. शक्तीच्या मर्यादा देशागणिक वेगळ्या असतात आणि ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारही चालतात.

चौथ्या महिन्यात मागच्या खोलीपर्यंत लॅनची केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेले इंटरनेट वाय-फायवर पसरवणारे यंत्र, बसवला. तेव्हा पूर्ण शक्तीचा उलट त्रास झाला. कुठल्या पॉइंटला जोडून राहायचे हे शेवटी फोन ठरवतो आणि पुढचा राऊटर त्याला अजून बऱ्यापैकी ऐकू येत असल्याने तो मागच्या खोलीत येऊनही त्यालाच चिकटून बसायचा. दोन्हीकडची पॉवर ५० टक्क्यांवर आणल्यावर फोन खोलीच्या दारातच दुसऱ्या पॉइंटकडे वळू लागला. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल एरवीही लांबवर जातो, म्हणून त्याची पॉवर मी २५ टक्क्यांवर ठेवली. त्यामुळे फोन ५ गिगाहर्ट्झ पसंत करतात आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायलाही कमी अडथळा होतो. आता भावाशी पलंगावरूनच बोलणे होते.

राऊटर म्हणून तो भरवशाचा आहे; आठ महिन्यांत एकदाही आपणहून बंद पडला नाही आणि पूर्ण शक्तीवर असताना वरचा भाग बराच तापायचा, तो आता कोमट राहतो. गंभीर तक्रार एकच आहे. फर्मवेअर (राऊटरच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट झाले की ट्रान्समिट पॉवर न सांगता पुन्हा १०० टक्क्यांवर जाते. हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा ते मला फोन पुढच्या राऊटरला चिकटू लागल्यावर कळले, म्हणून आता प्रत्येक अपडेटनंतर मी ते पान उघडून आकडे पुन्हा भरतो.