सुट्टीत मुलांच्या झोपेसाठी घेतलेलं व्हाइट नॉइज मशीन, तीन आठवड्यांनंतर

सुट्टी लागली की आमच्याकडे झोपेचे हाल. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर गप्पा रंगलेल्या आणि आतल्या खोलीत आमची साडेतीन वर्षांची धाकटी टक्क जागी, बाहेर जरा कुणी हसलं की उठून बसणार आणि विचारणार "आई, कोण आलंय?" म्हणून हे बाहेरचे आवाज झाकणारा एकसुरी आवाज करणारं मशीन घेतलं. मुठीत मावतं, चार्जिंगवालं आहे, मंद लाल लाइट पण आहे.

पावसाचा आवाज लावला तर तो थोड्या थोड्या वेळाने तुटून परत सुरू होतो, ते मलाच खटकलं, पण पंख्यासारखा जो सलग आवाज आहे ना तो एक नंबर. बाहेरचं हसणं, भांड्यांचा आवाज त्यात विरून जातो, तिसऱ्या दिवसापासून ती वीसेक मिनिटांत झोपायला लागली.

पण प्लीज हे उशाशी ठेवू नका. 2014 मध्ये पीडियाट्रिक्स या बालआरोग्याच्या जर्नलमध्ये अशा 14 मशीनची तपासणी आली होती, फुल आवाजात 30 सेंटीमीटरवरून सगळीच 50 डेसिबलच्या वर गेली होती आणि तीन तर 85 च्याही वर. लहान कानांना हे फार होतं. मी पलंगापासून दोन मीटरपेक्षा लांब, कपाटावर ठेवते, आवाज कमीत कमी.

लाल लाइट मात्र खरंच कामाचा, कारण पांढऱ्या-निळ्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, दबतं, आणि लहान मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त. त्यामुळे झोपायच्या तासभर आधी मोबाइल-टीव्ही बंद आणि खोलीत फक्त हाच लाइट, एवढं पाळलं. आणि हो, चार्जिंगला लावलं की पुढे एक कडक निळा ठिपका लागतो, झोपेसाठीच्या वस्तूत असला लाइट कोण देतं, मी त्यावर काळी चिकटपट्टी लावलीये.

सगळ्यात मोठी तक्रार टायमरची. 60 मिनिटांच्या पुढे जातच नाही, आणि आवाज हळूहळू कमी व्हायच्या ऐवजी खटकन बंद होतो, दोनदा ती त्याच क्षणी दचकून उठली. आता टायमर लावतच नाही, आम्ही झोपायला गेलो की हाताने बंद करते, तर बटणाचा बीप वाजतो!! तो बंद करायची सोयच नाही.

मोठा सात वर्षांचा आहे, त्याला मशीनचा काही फरक पडला नाही. त्याला 9 ते 12 तास झोप लागते आणि सुट्टीत तो रात्री अकरापर्यंत जागून सकाळी उशिरा उठायचा. त्याचं गाडं रुळावर आलं ते उठायची वेळ रोज 15 मिनिटं अलीकडे आणून आणि सकाळी लगेच उन्हात खेळायला पाठवून, शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून.

पाचपैकी साडेतीन. बीप काढला तर पाच देईन, तोवर धाकटीच्या वयाच्या मुलांसाठीच घ्या.